रंगाचा पुरावा



चित्रपटाची कथा, अभिनय, संगीत यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज फक्त रंगावर बोलणार आहे, आणि तेही एका अडचणीच्या प्रश्नाच्या अंगाने. जुना चित्रपट नव्याने साफसूफ होऊन डिस्कवर किंवा ओटीटीवर येतो आणि आपण तो घरी बसून पाहतो, तेव्हा त्यात दिसणारा रंग खरा कशावरून मानायचा? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरशेजारी काढलं. पडद्यावर जे पडतं तोच चित्रपट, असं ते मानत. माझ्या आजच्या म्हणण्याचा पायाही तोच आहे.

सुरुवात एका भांडणापासून करतो. विल्यम फ्रीडकिन यांचा 'द फ्रेंच कनेक्शन' १९७१ साली आला आणि त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळवली. न्यूयॉर्कमधला हिवाळा, मळकट रस्ते, खडबडीत, दाणेदार चित्र. छायाचित्रणकार ओवेन रॉइझमन यांनी तो एखाद्या वार्तापटासारखा टिपला होता. २००९ साली त्याची ब्लू-रे निघाली तेव्हा फ्रीडकिन यांनी स्वतः बसून रंग बदलले. आधी चित्राची कडक काळी-पांढरी आवृत्ती तयार केली आणि तिच्यावर रंगाचा थर, थोडा विस्कटलेला, वेगळा चढवला. जॉन ह्यूस्टन यांच्या १९५६ सालच्या 'मोबी डिक'मध्ये टेक्निकलरच्या रंगांवर राखाडी थर चढवून समुद्राला एक जुनाट, करडी छटा दिली होती. तसं काही फ्रीडकिन यांच्या मनात होतं. डिस्क बाजारात आली आणि लोक चक्रावले. चेहऱ्यांच्या कडेने रंग ओघळलेला, सावल्या निळसर, आणि १९७१ चा तो चित्रपट कुठे दिसेना. रॉइझमन यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला कुणी विचारलं नाही, हा आपण टिपलेला चित्रपट नव्हे, आणि या कामाशी आपलं नाव जोडलं जाऊ नये. २०१२ साली नवी आवृत्ती निघाली. या वेळी रॉइझमन सहभागी होते आणि रंग पुष्कळसे मूळ वळणावर आले.

एका चित्रपटाचे दोन कर्ते, दोघेही तेव्हा हयात, दोघेही आपापल्या कामात श्रेष्ठ, आणि रंगाबद्दल दोघांचं एकमत नव्हतं. तिथे तुम्ही-आम्ही काय ठरवणार, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. फ्रीडकिन यांना नवा प्रयोग करण्याचा पूर्ण अधिकार होता. १९७१ चा चित्रपट बाजारातून उचलून त्याच्या जागी तो प्रयोग त्याच नावाने ठेवण्याचा अधिकार मात्र त्यांनाही नव्हता. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याच्या कारणांबद्दल.

पहिलं कारण समजण्यासाठी चित्रपटाचा रंग राहतो कुठे हे पाहावं लागेल. पुष्कळांचा समज असा की मूळ निगेटिव्ह सापडलं की सगळं सापडलं. ते चांगल्या यंत्रावर स्कॅन केलं की खरा रंग आपोआप बाहेर येतो. निगेटिव्हमध्ये शेवटचा रंग नसतोच. त्यात कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल असतो. सकाळी घेतलेला शॉट आणि तीन दिवसांनी ढगाळ दुपारी घेतलेला शॉट एकाच प्रसंगात शेजारी बसवायचे असतात. एकात चेहरा पिवळा, दुसऱ्यात निळसर. हे जुळवण्याचं काम लॅबोरेटरीत ग्रेडर करत असे. छपाईच्या यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची प्रत्येकी १ ते ५० अशी पट्टी असायची. साधारण मधल्या २५ च्या आसपास सुरुवात करून ग्रेडर प्रत्येक शॉटसाठी तीन आकडे ठरवायचा. एक-दोन अंक इकडेतिकडे झाले की संध्याकाळची दुपार व्हायची. मग पहिली कॉपी निघे. दिग्दर्शक, छायाचित्रणकार आणि ग्रेडर ती लॅबच्या छोट्या थिएटरात पाहत. "हा शॉट अजून थोडा गार करा," "त्या रात्रीत हिरवा फार आलाय," अशा सूचना होत, दुसरी कॉपी निघे, आणि कधीतरी सगळे माना डोलावत. त्या क्षणी चित्रपटाचा रंग ठरला. तो उमटला प्रिंटवर, आणि प्रिंटही ठरावीक दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पडल्यावर. निगेटिव्हला त्याची खबर नसते.

म्हणजे आज बोलोन्यात, लॉस एंजेलिसमध्ये किंवा चेन्नईत एखादा तंत्रज्ञ निगेटिव्ह स्कॅन करून संगणकापुढे बसतो, तेव्हा त्याला तो सगळा निर्णय पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. हाताशी पुरावा असेल तर पुराव्यावरून. नसेल तर स्वतःच्या रुचीवरून. आणि रुची काळाबरोबर बदलते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नव्या चित्रपटांमध्ये सावल्या निळ्या-हिरव्या आणि कातडी नारिंगी करायची सवय पडली. ती सवय जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांमध्येही शिरली. काही आवृत्त्यांत सगळंच पिवळं पडलं. सर्जिओ लिओनी यांच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची २०१४ ची आवृत्ती लोकांनी शेजारी जुनी डिस्क लावून पाहिली आणि विचारलं, आकाशाचा निळा कुठे गेला? हा प्रश्न रास्त होता.

पुरावा तरी शिल्लक किती राहतो? पुण्यात एका संग्राहकांकडे मी सत्तरच्या दशकातल्या एका रंगीत चित्रपटाचं रीळ पाहिलं. डबा उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला. ॲसिटेटची पट्टी कुजू लागली की तो येतो. त्यांनी फिल्मचा हातभर तुकडा दिव्याच्या काचेवर पसरला. एका फ्रेममध्ये झाडाखाली बसलेली बाई होती. झाड तपकिरी, आकाश गुलाबी, बाईचं नऊवारी लुगडं गुलाबी, तिचा चेहराही गुलाबी. फक्त गडद-फिकट एवढाच भेद उरला होता. फिल्मच्या कडेला, छिद्रांच्या बाहेर, कंपनीचं नाव आणि बनावटीचं वर्ष सांगणाऱ्या छोट्या खुणा मात्र स्पष्ट वाचता येत होत्या. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असत, आणि त्यातलं निळसर द्रव्य सर्वांत दुबळं. अंधारात डब्यात ठेवलं तरी ते उडून जाई. मागे राही लाली. ती बाई लुगडं हिरवं नेसली होती की निळं, हे त्या तुकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही. कोडॅकने कमी उडणाऱ्या रंगाची प्रिंट-फिल्म ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणली. तोवर मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्यांना त्यासाठी जाहीर मोहीम चालवावी लागली होती.

याला एक मोठा अपवाद होता: टेक्निकलरच्या छपाईच्या प्रिंट. त्यात रंग फिल्मच्या पोटात रसायनाने तयार होत नसे. तीन रंगांचे ठसे एकावर एक दाबून उमटवले जात. ते रंग टिकतात. १९५० च्या दशकातली अशी प्रिंट आजही लावली तर लाल लालच दिसतो. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'स्टार वॉर्स'ची १९७७ ची अशीच एक प्रिंट जाहीर कार्यक्रमात दाखवली. जॉर्ज लुकास यांनी १९९७ पासून तो चित्रपट पुन्हा पुन्हा बदलला, आणि मूळ रूप बाजारात सुस्थितीत मिळेनासं झालं. काही चाहत्यांनी तर जुन्या प्रिंट मिळवून त्या स्वतः स्कॅन केल्या. कायद्याच्या दृष्टीने त्याचं काय व्हायचं ते होवो. पण १९७७ साली लोकांनी काय पाहिलं होतं, याचा पुरावा निर्मात्यांनी दडवला तेव्हा तो प्रेक्षकांनी जपला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जिथे चांगली प्रिंटही नसते तिथे काय करतात? हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'चं रिस्टोरेशन १९९६ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी केलं. १९५८ च्या त्या चित्रपटाचं निगेटिव्ह विटलं होतं. रंग वेगळे करून ठेवलेल्या तीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या, पण त्या वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या होत्या, एकमेकींवर नीट बसेनात. त्या चित्रपटात हिरव्या रंगाला जीव आहे. नायिकेची गाडी हिरवी, तिच्याभोवतीचा तो भुतासारखा हिरवा उजेड. मग या मंडळींनी गाड्या, कपडे, प्रत्यक्ष जागा असे दाखले गोळा केले. चित्रपटात वापरलेल्या एका गाडीच्या हिरव्या रंगाचा जपून ठेवलेला नमुना त्यांना मिळाला आणि त्यावरून बाकीचा हिरवा जुळवता आला. तरी टीका झालीच, विशेषतः पावलांचे, दारांचे आवाज नव्याने केले म्हणून. ती टीका मला पटते. पण रंगाच्या बाबतीत त्यांची वृत्ती बघा: आम्हाला असं वाटतं, एवढ्यावर न थांबता त्यांनी पुरावा शोधला.

आता सर्वांत नाजूक जागेवर येतो. कर्ताच बदल करतो तेव्हा काय? वोंग कार-वाय यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' २००० साली आला. अरुंद जिने, लाल पडदे, मॅगी चुंगचे ते एकामागून एक बदलणारे चिपाव, म्हणजे चिनी झगे. क्रिस्टोफर डॉइल आणि मार्क ली पिंग-बिन यांच्या छायाचित्रणातला तो लाल ज्यांनी पडद्यावर पाहिला ते विसरले नाहीत. २०२१ मध्ये क्रायटेरियन या डिस्क-प्रकाशकाने वोंग यांच्या सात चित्रपटांचा संच काढला. रंग दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली ठरले, आणि अनेकांनी तक्रार केली की लालावर हिरवट-पिवळी छटा आली आहे. 'फॉलन एंजल्स'ची तर चौकटच बदलली, १.८५ ची २.३९ झाली, म्हणजे चित्र रुंद आणि बुटकं झालं. वोंग यांनी संचाबरोबर निवेदन दिलं होतं. प्रेक्षकांच्या आठवणीतलं रूप द्यायचं की आपल्या मनात मुळात होतं ते, असा पेच होता आणि आपण दुसरी वाट धरली, असा त्याचा आशय.

हे प्रामाणिकपणाचं होतं, आणि म्हणूनच मी त्यावर रागावत नाही. पण त्यांच्या मनात २००० साली काय होतं याचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार २०२१ चे वोंग नसून २००० सालची प्रिंट आहे. माणूस वीस वर्षांत बदलतो. त्याची नजर बदलते, डोळ्यांचं भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, समोरचा पडदा बदललेला असतो. दिग्दर्शकाने पुन्हा कात्री हातात घ्यावी, ब्रश हातात घ्यावा, जरूर घ्यावा. फक्त त्या कामाचं नाव रिस्टोरेशन ठेवू नये, आणि जुनं रूप शेजारी उपलब्ध ठेवावं. त्या संचात ते शेजारी असतं तर सगळी कटुता टळली असती.

छायाचित्रणकारही याला अपवाद नाहीत. वित्तोरियो स्तोरारो यांना पुढे पुढे वाटू लागलं की सगळे चित्रपट २ ला १ या प्रमाणात असावेत. त्यांनी ते तत्त्व आपल्या जुन्या कामालाही लावलं. 'अपोकॅलिप्स नाऊ' आणि 'द लास्ट एम्परर' दोन्ही बाजूंनी कापून डिस्कवर आले. एवढा थोर कलावंत, आणि आपल्याच चौकटीच्या कडा कापतो! २०१० मध्ये 'अपोकॅलिप्स नाऊ' पूर्ण रुंदीचा परत आला तेव्हा हायसं वाटलं. याउलट चांगला दाखला 'द मेट्रिक्स'चा आहे. १९९९ च्या या चित्रपटावर २००८ च्या ब्लू-रेमध्ये पुढच्या भागांशी जुळावं म्हणून हिरवा थर चढवला होता. २०१८ च्या फोर-के आवृत्तीत छायाचित्रणकार बिल पोप यांनी तो उतरवला आणि चित्र मूळ प्रदर्शनाच्या जवळ नेलं. कर्ता स्वतःच्या पहिल्या निर्णयाचा मान राखू शकतो, हे तिथे दिसलं.

रंगाला लागूनच येणाऱ्या फिल्मच्या दाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. फिल्मवरचं चित्र चांदीच्या आणि रंगाच्या बारीक कणांचं बनलेलं असतं. तो दाणा म्हणजेच चित्र. तो घाण समजून यंत्राने पुसला की चेहऱ्यावरची छिद्रं, मिशीचे केस, कापडाची वीण सगळं बरोबर पुसलं जातं. २०१० च्या 'प्रिडेटर'च्या डिस्कमध्ये माणसं मेणाची झाली. 'पॅटन'ची २००८ ची आवृत्ती अशीच गुळगुळीत होती. ती २०१२ मध्ये पुन्हा करावी लागली. आणि २०२४ मध्ये जेम्स कॅमेरून यांच्या 'ट्रू लाइज'सारख्या चित्रपटांत कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र 'सुधारलं' तेव्हा काही फ्रेममध्ये मागच्या माणसांचे चेहरे विचित्र दिसू लागले. कॅमेऱ्यापुढे कधी नव्हताच असा तपशील यंत्राने त्यात घातला होता. जतनाच्या नावाखाली असा खोटा तपशील घालणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही.

या सगळ्या वादांत प्रेक्षकांच्या बाजूनेही चुका होतात, त्या झाकून चालणार नाही. संगणकावर दोन स्थिरचित्रं शेजारी ठेवून निवाडा देणं सोपं असतं. पण डोळा चालत्या चित्राशी जुळवून घेतो. प्रसंगातून बाहेर काढलेली एक फ्रेम भलतीच पिवळी दिसते आणि तीच प्रसंगात पाहिली तर खटकत नाही. 'मी लहानपणी पाहिला तेव्हा असा नव्हता,' हीसुद्धा साक्ष कच्ची. लहानपणी पाहिलेली कॉपी कितवी होती? केबिनमध्ये कार्बनचा दिवा होता की झेनॉनचा? पडदा किती मळलेला होता? आणि पुष्कळांना जो रंग आठवतो तो दूरदर्शनवरचा किंवा घासलेल्या व्हिडिओ कॅसेटवरचा असतो. शिवाय आपल्या घरातला टीव्ही. दुकानात चमकावा म्हणून कारखान्यातून तो 'व्हिव्हिड'वर लावून येतो, आणि आपण तो तसाच वर्षानुवर्षं ठेवतो. २०२० पासून अनेक टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' आहे. तो लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आणि मग एखाद्या आवृत्तीला नावं ठेवा. एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतील. उरलेले निम्मे खरे असतील, आणि ते घातलेच पाहिजेत.

आपल्याकडे तर वाद घालण्याइतपतही माल मिळत नाही, हे माझं खरं दुखणं. व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या काळात मी घेतलेल्या कित्येक जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत कायमचं छापलेलं होतं. रुंद चित्र टीव्हीच्या चौकोनात कोंबण्यासाठी दोन्ही बाजू छाटलेल्या. संवाद म्हणणारं पात्र चौकटीबाहेर आणि आपण पाहतोय खांब. आज तोच छाटलेला, लालसर पडलेला माल ऑनलाइन फिरतो, आणि नव्या पिढीला वाटतं की त्या काळचे चित्रपट असेच दिसायचे. ज्यांनी ते टिपले त्या माणसांवर हा अन्याय आहे.

रंगाचा ध्यास आपल्याकडे उशिरा आला असंही नाही. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला. त्याच्या रंगीत प्रिंट जर्मनीत छापून आणल्या. मनासारखा रंग मिळाला नाही, पण कोल्हापुरात बसून त्या काळी एवढी उडी घेणारी माणसं होती. पुढे १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये केला. जी. बालकृष्ण यांचं छायाचित्रण, कनू देसाई यांचं कलादिग्दर्शन. तो चित्रपट रंगासाठीच रचलेला आहे. त्यातली वेशभूषा, नृत्यातल्या पार्श्वभूमी, सगळ्याचा हिशेब रंगाने मांडलाय. अशा चित्रपटाची प्रत डोळ्यांसमोर येते आणि तिच्यातला गुलाल विटकरी दिसतो, तेव्हा मूळ कलाकृतीच आपल्या हातातून निसटलेली असते.

२००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगीत करून आणला. के. आसिफ यांनी १९६० साली त्याचा काही भाग रंगीत केला होता. शीशमहालातलं गाणं त्यातलंच. काळ्या-पांढऱ्यातून एकाएकी रंग उसळतो, तो धक्का पडद्यावरच्या बंडाचा भाग होता. सगळंच रंगवल्यावर धक्का उरला नाही. रंगवलेली आवृत्ती लोकांनी आवडीने पाहिली, त्यांना मी दोष देत नाही. आसिफ १९७१ मध्येच गेलेले. त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

चांगलं काम होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. स्मिता पाटील यांच्या भूमिकेमुळे आपल्या जिव्हाळ्याचा असलेला 'मंथन' २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्या रिस्टोरेशनबरोबर माहिती दिली होती ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: चित्र राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून घेतलं, ध्वनी फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या ३५ एमएम प्रिंटवरून, काम चेन्नईच्या प्रसादमध्ये आणि बोलोन्याच्या लिम्माजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत झालं, छायाचित्रणकार गोविंद निहलानी आणि दिग्दर्शक श्याम बेनेगल सहभागी होते. याच बोलोन्याच्या प्रयोगशाळेवर पिवळेपणाचे आरोप जगभर होतात. पण निहलानींसारखा माणूस शेजारी बसलेला असला की निर्णयाला आधार मिळतो. २०२५ मध्ये 'शोले'ची नवी प्रत आली, पण त्याची ७० एमएमची एकही मूळ प्रिंट उरलेली नाही. लाखो लोकांनी जी पाहिली, तीच वस्तू नाहीशी झाली. आणि त्याचे छायाचित्रणकार द्वारका दिवेचाही हयात नाहीत.

ही अडचण आपल्याला नवी वाटू नये, कारण ग्रंथांच्या बाबतीत आपण ती पूर्वी सोडवली आहे. संत एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढे कुणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावून ठेवलं. इथे पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. संपादकांनी एक पाठ निवडला आणि तो वर छापला. पण टाकलेला प्रत्येक पाठभेद तळाशी दिला, कुठल्या प्रतीत आहे ते सांगून. एखाद्या अभ्यासकाला संपादकांचा निर्णय पटला नाही तर तो तळटीप पाहून स्वतःचा निर्णय करू शकतो. प्रमुख संपादक सुकथनकरांसारख्या विद्वानानेही 'मी म्हणतो म्हणून' असं म्हटलं नाही.

चित्रपटाच्या प्रत्येक डिस्कबरोबर, प्रत्येक ओटीटी आवृत्तीबरोबर मला एवढंच हवं आहे. चित्र कशावरून घेतलं? रंग ठरवताना समोर काय होतं, प्रिंट की ग्रेडिंगचे आकडे की कुणाची आठवण? शेजारी कोण बसलं होतं? काय जाणूनबुजून बदललं, आणि का? एक पान पुरे. पुष्कळ परदेशी प्रकाशक यातलं अर्धं देतात. आपल्याकडे 'रिमास्टर्ड' एवढा शिक्का मारला की काम झालं. ऑनलाइन आवृत्त्यांच्या बाबतीत तर ही गरज अधिकच निकडीची, कारण तिथे बदल झाल्याचं कळतही नाही. २०२३ च्या जूनमध्ये 'द फ्रेंच कनेक्शन' पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की ऑनलाइन दाखवल्या जाणाऱ्या प्रतीतून एक संवाद गायब आहे; कुणी घोषणा केलेली नव्हती. जुनी डिस्क कपाटात असणाऱ्यांनाच ते ओळखता आलं. म्हणून मी तरुण मित्रांना सांगतो की आवडत्या चित्रपटाची जुनी प्रत, ती कितीही सामान्य दिसत असो, नवी आली म्हणून टाकून देऊ नका.

आणि आपल्याकडच्या कामाला वेळ फार थोडा आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून या शहरात आहे. ते उभारणाऱ्या पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे डबे आणले ते इथेच आहेत. पण मराठीतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत चित्रपटांचे ग्रेडिंगचे तक्ते मुंबईच्या लॅब बंद झाल्या तेव्हा कुठे गेले, याचा माग घ्यायला हवा. त्या लॅबमध्ये काम केलेले ग्रेडर, सहायक छायाचित्रणकार, वितरकांकडचे प्रिंट तपासणारे, यांतले काही आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना त्यांचे चित्रपट दाखवावेत, शॉट थांबवून विचारावं, "हे आभाळ असंच होतं का?" आणि उत्तर ध्वनिमुद्रित करावं. त्याला मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक नीट लावलेला पडदा आणि एक रेकॉर्डर पुरतो. या सभागृहात अशी माणसं असतील, किंवा अशा माणसांची मुलंबाळं असतील. कुणाच्या घरी माळ्यावर रिळांचे डबे असतील, कुणाकडे आकड्यांनी भरलेली लॅबची वही असेल. डबा घरी उघडून उन्हात ठेवू नका, पुसायला जाऊ नका. सभा संपल्यावर मला येऊन सांगा. मी दाराजवळ वही घेऊन थांबणार आहे.